लॉन बोल्स पाहायला जाताना : ‘बायस’, ‘टचर’, ‘एंड’, ‘फास्ट ग्रीन’ यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय लॉन बोल्स स्पर्धा बघायला जाणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचं आहे. हिरवळीवरून घरंगळत सोडलेले गोळे, म्हणजे ‘बोल’, लक्ष्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचे असा हा खेळ. ‘बायस’ला कोशात ‘पूर्वग्रह’ मिळतो, तो इथे कुचकामी. ‘टचर’, ‘एंड’, ‘फास्ट ग्रीन’ यांचंही अडतंय. ‘बोल’ला सरळ ‘चेंडू’ म्हणावं का?

उत्तर : ‘चेंडू’ नको. बोल पूर्ण गोल नसतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. व्यास 112 ते 134 मिमी, वजन जास्तीत जास्त 1.59 किलो. जॅक, म्हणजे ज्याच्या जवळ बोल न्यायचा तो लहान गोळा, मात्र खरोखर गोल, व्यास 63 ते 64 मिमी.

‘बायस’ला ‘कल’ म्हणा. एका बाजूला जड धातू भरलेला असतो असं बरेच जण सांगतात, पण आताच्या बोलमध्ये तसं काही नसतं. कल येतो तो घडणीतून. हातातून सुटल्यावर बोल बराच वेळ सरळ जातो आणि वेग ओसरला की कलाच्या बाजूला झुकतो. ती बाजू ओळखायची लहान वर्तुळाच्या खुणेवरून. उजव्या हाताचा खेळाडू फोरहँडनं टाकताना ही खूण डावीकडे ठेवतो. ती चुकून उजवीकडे राहिली की बोल भलतीकडे, बऱ्याचदा शेजारच्या रिंकमध्ये, म्हणजे खेळाच्या पट्ट्यात, जातो. हा ‘उलटा कल’.

‘वळण’ हा शब्द बोलच्या मार्गासाठी राखून ठेवा. कल बोलमध्येच असतो, तो बदलत नाही. वळण हिरवळीप्रमाणे बदलतं.

उत्तर : ‘फास्ट ग्रीन’चं ‘वेगवान हिरवळ’ केलंत तर वाचक हमखास फसेल. मॅटपासून (खेळाडू जिच्यावरून बोल सोडतो ती चटई) 27 मीटरवर बोल थांबायला किती सेकंद लागतात, त्यावर हिरवळ मोजतात. इंग्लंडमध्ये साधारण 10 ते 12 सेकंद, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये बऱ्याचदा 14 च्या पुढे. जास्त सेकंद लागणारी हिरवळ ती ‘फास्ट’! कारण असं, की घर्षण कमी असल्यानं बोल हळू सोडावा लागतो. तो रेंगाळत जातो, कलाला काम करायला जास्त वेळ मिळतो आणि वळण रुंद होतं. गवत ओलं किंवा दाट असेल तर बोल जोरात सोडावा लागतो, तो लवकर पोचतो आणि वळण अरुंद राहतं. म्हणून ‘पळती हिरवळ’ आणि ‘जड हिरवळ’ असे शब्द घ्या आणि पहिल्याच उल्लेखाला सेकंदांचा हिशेब द्या.

पावसाची सर येऊन गेली की चांगले खेळाडूही दोन-तीन एंड (एक एंड म्हणजे सगळे बोल एकदा टाकून होईपर्यंतचा खेळ) अंतरात चुकतात. बोल जॅकच्या अलीकडेच थांबू लागले की समजावं, हिरवळ जड झाली.

प्रश्न : ‘एंड’ला ‘फेरी’ किंवा ‘डाव’?

उत्तर : दोन्ही नकोत. ‘उपांत्य फेरीची नववी फेरी’ कशी वाचणार? आणि ‘डाव’ म्हटलं की क्रिकेट आठवतं. ‘एंड’च ठेवा. चौघाचौघांच्या संघांच्या सामन्यात प्रत्येक जण दोन बोल टाकतो, म्हणजे एका एंडला दोन्ही संघांचे मिळून 16. सगळे टाकून झाले की प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बोलपेक्षा आपले जितके बोल जॅकच्या जवळ, तितके ‘शॉट’. इथे ‘शॉट’ म्हणजे गुण, ‘फटका’ नव्हे. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कवर लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून सुवर्ण जिंकलं. ते 17 शॉट होते.

पुरवणी : ‘टचर’ला ‘शिवलेला बोल’ म्हणावं. शिवाशिवी प्रत्येकानं खेळलेली असते, समजावत बसावं लागत नाही. थांबण्याआधी जॅकला शिवलेल्या बोलवर खडूनं खूण करतात, आणि ती पुढचा बोल थांबण्यापूर्वी व्हावी लागते. असा बोल पुढे हिरवळीच्या कडेच्या चरात पडला तरी जिवंत राहतो, फक्त रिंकच्या हद्दीत हवा. न शिवलेला चरात गेला की बाद. प्रेक्षक इथेच गोंधळतात. बोल चरात दिसतो, तरी गुण मिळतो, कारण खडूची खूण लांबून दिसत नाही. दुर्बीण जवळ असावी.

उत्तर : पत्रकात बसण्याच्या जागेबद्दलही लिहा. बाजूला बसलं की अंतर कळतं, पण वळण कळत नाही. टोकाला, चराच्या मागे बसलं की वळण सुरेख दिसतं, मात्र जॅकजवळचे बोल एकावर एक चढल्यासारखे दिसतात आणि कुठला जवळ ते सांगता येत नाही. दोन्हीकडून थोडा थोडा वेळ पाहावं हे उत्तम. संघ ओळखायचे ते बोलवरच्या स्टिकरच्या रंगावरून. बोलचा स्वतःचा रंग एकाच संघातही वेगवेगळा असू शकतो.

टोकाला बसणारा खेळाडूच्या थेट नजरेसमोर असतो. खेळाडू मॅटवर उभा असताना उठू नये, छत्री उघडू नये, हिरवळीवर सावली पडू देऊ नये. शेवटचा बोल थांबल्यावरही जरा दम धरावा. एखादा बोल कलंडेल असं वाटलं तर कुठलाही संघ 30 सेकंद थांबायची मागणी करू शकतो, आणि त्यानंतर अंतर मोजायची फीत निघते.