थ्रू टेनन आणि जिग, मराठीत काय म्हणायचं?

सागवानाचं स्टूल करतोय. पाय ४५ मिमी जाड, आडव्या पट्ट्यांची टोकं पायातून पलीकडे दिसली पाहिजेत. व्हिडिओत सगळे थ्रू टेनन म्हणतात, पण वहीत मराठीत लिहायचं तर शब्द कोणता? आणि भोक बरोबर जागी पाडायला जिग केलाय, त्याला साचा म्हणू का?

—

टेनन म्हणजे कुसू, पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ. ते कुसू, कुसवाला, कुसवाची जाडी. ते जिथे बसतं ती खोबण, डोळ्याची असते तीच. आमच्या जुन्या बाजेचं गातं, म्हणजे चौकट, खुरात, म्हणजे पायात, बसलंय ते कुसवावरच, एक खिळा नाही. थ्रूला आरपार कुसू म्हणा, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे तुमचं १५ मिमी.

—

साचा मात्र नको, मनापासून सांगतो. साच्यात माल जातो आणि साच्याचा आकार घेतो, चकलीचा घ्या नाहीतर गणपतीचा. जिग हत्याराला वाट दाखवतो, आणि राउटरच्या (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) जिगची खिडकी तर खोबणीएवढी नसतेच, कारण बुश, म्हणजे राउटरच्या तळाची कडी, खिडकीच्या कडेला टेकून फिरतो आणि बिट, म्हणजे कापणारं पातं, त्याच्या आत राहतं. ३० मिमीचा बुश, १२ मिमीचं बिट, म्हणजे प्रत्येक बाजूला ९ मिमी फरक, १५ च्या खोबणीला खिडकी ३३ ची. साचा म्हटलं की माणूस १५ चीच खिडकी पाडणार आणि बुश आत शिरणारच नाही. फर्माही नको, तो चपलेचा. जिगच म्हणा, वर्कशॉपमध्ये सगळे तेच म्हणतात.

—

आरपार आहे म्हणून एक सांगते, खोबण पाडताना एका बाजूने सरळ पलीकडे जाऊ नका, बाहेरच्या तोंडाला ढलप्या उडतात आणि तेच तोंड कायम दिसणार असतं. अर्धं इकडून, पाय उलटा करून अर्धं तिकडून, पण जिग दोन्ही वेळा पायाच्या त्याच कडेला टेकवा, नाहीतर मध्ये पायरी पडते. मग बाहेरचं तोंड पटाशीने जरा रुंद करायचं, कुसवात करवतीने दोन चिरा घ्यायच्या आणि त्यात पाचर. बोलण्यात पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं, इथे पाचर मारली की कुसू फाकतं आणि सांधा परत सुटत नाही.

—

वहीत लिहिलं: आरपार कुसू, खोबण, पाचर, जिग. खिडकी मी १५ चीच पाडली होती, आज नवीन प्लायवर ३३ ची आखतोय.