मदत हवी आहे: मुलाने पाचच्या नोटांवर चित्रं काढली, बँक घेईल का?

अवनी_मि
घाईत लिहितेय. मंडळाच्या गणपतीत वडापावच्या स्टॉलचा गल्ला माझ्याकडे होता. सुट्टे म्हणून ठेवलेल्या पाचच्या २२ नोटांवर माझ्या ११ वर्षांच्या मुलाने पेनाने टोकदार कान, तिरक्या भुवया आणि कपाळावर सरळ कापलेले केस काढून ठेवलेत. सोमवारी खजिनदारांना हिशोब द्यायचाय. बँक घेईल का? नाहीतर पुसायचं कशाने? लवकर सांगा.

जुना_खातेदार
पाचच्या २२ नोटा मिळाल्या कुठे? बँकेत ३४ वर्षं काढली म्हणून सांगतो. नुसतं काही लिहिलेलं असलं तरी नोट चालते. पण राजकीय किंवा धार्मिक संदेश लिहिलेला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांप्रमाणे दावा फेटाळतात. आणि गांधीजींच्या चेहऱ्यावर असं काही काढू देऊ नका, लोक दुखावतात.

अवनी_मि
काका, गांधीजी नाहीत. मी मिसिसॉगाला असते, कॅनडाचे पाच डॉलर आहेत. मुलगा म्हणतो हा स्पॉक आहे, सगळेच काढतात.

हिमवर्षा
मुलगा खरं बोलतोय! निळ्या नोटेवर विल्फ्रिड लॉरिए आहेत, १८९६ ते १९११ पंतप्रधान होते. चेहरा लांबट, नाक सरळ. कान आणि भुवया जोडल्या की स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेतला परग्रहवासी स्पॉक तयार. २०१५ च्या फेब्रुवारीत स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय गेले तेव्हा तर लोकांनी श्रद्धांजली म्हणून अशा नोटांचे फोटो टाकले होते. त्या वेळी बँक ऑफ कॅनडानेच सांगितलं की हे बेकायदा नाही, पण करू नका: सुरक्षाखुणा झाकल्या जातात, नोटेचं आयुष्य घटतं, दुकानदार नाकारू शकतो.
आता सांग, नोटा कागदी की प्लास्टिकच्या? पेन कुठलं?

काजूकतली
नेलपॉलिश रिमूव्हर. एक मिनिटात साफ. मी फ्रीजवरचा मार्कर तसाच काढते.

नाणीप्रेमी
अजिबात नको!! अ‍ॅसिटोनने प्लास्टिकच्या नोटेवरची छपाईच उतरते. माझी एक नोट अशीच गेली. पाचची प्लास्टिक नोट नोव्हेंबर २०१३ मध्ये आली, त्याआधीची कागदी. प्लास्टिकवर जेल पेन असेल तर ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसून बघा, तेही आधी एकाच नोटेवर. कागदीला हात लावू नका, शाई पसरते.

काजूकतली
माझं तर कधी काही बिघडलं नाही.

नाणीप्रेमी
फ्रीज म्हणजे नोट नव्हे.

अवनी_मि
पाहिलं. १९ प्लास्टिकच्या, ३ कागदी. पेन जेलचंच, काळं. एक पुसली, डाग फिकट झाला पण भुवया राहिल्याच.

प्रेरी_पाटील
अवांतर: कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात व्हल्कन नावाचं गाव आहे, स्पॉकच्या ग्रहाचंही तेच नाव. निमॉय २०१० मध्ये तिथे आले होते. मुलाला एकदा घेऊन या, हुरळून जाईल. स्पॉक बोटं फाकवून करतो तो नमस्कार निमॉयनी ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतला होता.

जुना_खातेदार
कौतुक पुरे. पैसा मंडळाचा आहे, वर्गणीदारांचा. मुलाला शिस्त लावा.

हिमवर्षा
काका, तो ११ वर्षांचा आहे. आपल्याकडे दहाच्या नोटेवर 'सोनम गुप्ता' लिहिणारे मोठेच होते ना? अवनी, आता पुसू नकोस, घासून जास्त खराब होतील. मशीनमध्ये टाकू नकोस, काउंटरवर जा, सगळं खरं सांग आणि बदलून माग. कागदी पाचही अजून चलनातच आहे. २०२१ पासून बाद झाल्या त्या १, २, २५, ५०० आणि १००० च्या.

जुना_खातेदार
हे बरोबर. खजिनदारांना मात्र आजच फोन करा, सोमवारची वाट पाहू नका.

अवनी_मि
केला फोन. ते हसले आणि म्हणाले बँक काय म्हणते ते बघू, नाहीच घेतल्या तर ११० डॉलर तुम्ही भरा. ते भरेनच. मुलाने सॉरीची चिठ्ठी लिहिली आहे. आणि आता विचारतोय, पुढच्या पाचच्या नोटेवर टेरी फॉक्स येणार म्हणे, त्याच्यावर काय काढायचं?

प्रेरी_पाटील
काही नाही. कॅन्सरने पाय गेलेला २१ वर्षांचा मुलगा १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवस पळाला, ५३७३ किलोमीटर. त्याला ही गोष्ट सांगा, पेन तो स्वतःच खाली ठेवेल.

काजूकतली
वडापाव किती विकले गेले पण?