व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक बाळाला मॉर्फिन द्यावे का?

एक आई (चर्चेचा प्रस्ताव): माझी मुलगी 29व्या आठवड्यात जन्मली आणि 11 दिवस व्हेंटिलेटरवर होती. टाचेतून रक्त काढताना तिचे तोंड रडायला उघडे, भुवया आक्रसत, बोटे पंख्यासारखी फाकत. घशात नळी असल्यामुळे आवाज मात्र फुटत नसे. 1985 साली वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे ऑपरेशन केवळ स्नायू लुळे पाडणारे औषध देऊन झाले, आणि त्याच्या आईने वाचा फोडली म्हणूनच ते जगाला कळले. त्यानंतर इतकी वर्षे लोटूनही व्हेंटिलेटरवरच्या बाळाला मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक देण्याचा सरसकट नियम का नसावा?

नवजात शिशुतज्ज्ञ: ताई, बाळाला वेदना होतात याबद्दल आता वादच नाही. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेल्या अभ्यासातून 1987 साली दिसले, की ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो. परंतु याच आनंद यांच्या नेतृत्वाखाली व्हेंटिलेटरवरच्या 898 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सरसकट मॉर्फिनमुळे मृत्यू किंवा मेंदूतील गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही, उलट रक्तदाब घसरण्याचे प्रमाण वाढले. शिवाय प्रौढांच्या तुलनेत या बाळांच्या शरीरातून मॉर्फिन फार सावकाश बाहेर पडते, त्यामुळे आज दिलेला डोस उद्या बाळाचा श्वास मंद करू शकतो. ऑपरेशननंतर मी ते निःसंकोच देतो; नियम म्हणून देणार नाही.

नवजात विभागातील परिचारिका: सर, आपला युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे, पण 'सरसकट नको' याचा वॉर्डात अर्थ होतो 'कुणालाच नको'. मॉर्फिन कुलूपबंद कपाटात, त्याचे रजिस्टर वेगळे, आणि रात्री दोन वाजता सही द्यायला माणूस मिळत नाही. चेहरा आणि हालचाली पाहून वेदनेचा स्कोअर मांडा म्हणतात, तोही आम्ही मांडतो; पण फार लहान किंवा थकलेले बाळ हालचालच करीनासे होते, आणि त्या निपचित बाळाचा स्कोअर सर्वांत कमी येतो.

नवजात शिशुतज्ज्ञ: ही अडचण खरीच आहे, पण ती व्यवस्थेची आहे, तिच्यापायी बाळाचा श्वास धोक्यात घालता येणार नाही. डोळ्यांच्या तपासणीपूर्वी तोंडाने मॉर्फिन देऊन पाहणारी ऑक्सफर्डची चाचणी 30च्या आसपास बाळांनंतरच थांबवावी लागली, कारण श्वासाचा त्रास वाढला आणि वेदना कमी झाल्याचे दिसेना. टाचेच्या सुईसाठी आधी आईची छाती, अंगावरचे दूध, साखरपाण्याचे दोन थेंब. आणि खरे सांगायचे तर त्याहून आधी, ते रक्त घ्यायलाच हवे होते का, हा प्रश्न.

एक आई: डॉक्टर, सरसकट हा शब्द मी मागे घेते. मात्र मॉर्फिन न देण्याचे कारणही केसपेपरवर लिहिले जावे, एवढी मागणी कायम आहे. माझ्या मुलीच्या फाइलमध्ये त्या 11 दिवसांचे वजन ग्रॅमपर्यंत लिहिलेले आहे, लघवी मिलीलिटरमध्ये मोजलेली आहे. वेदनेचा मात्र एकही आकडा नाही.