गांजा, भांग आणि आपण: इंदूरकरांनो, पाहिलेलं लिहा

परवा सुदामानगरला आमच्याकडे जेवताना भांडण झालं. टोरांटोहून आलेला भाचा म्हणाला, गांजा कायदेशीर करून टाकावा, जगात तेच चाललंय. मोठे दीर म्हणाले, पोरं वाया जातील. आवाज चढले, वाट्यांमधला आमरस तसाच राहिला. गंमत अशी की याच दिरांनी रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून येताना ठंडाई घेतली होती, हिरवी. मी ते काढल्यावर म्हणाले, "ती भांग. गांजा वेगळा." झाड एकच आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे.

म्हणून हा धागा. बाजू मांडू नका, त्या सगळ्यांच्या पाठ झाल्यात. स्वतः घेतलं असेल, घरात पाहिलं असेल, कामाच्या निमित्तानं समोर आलं असेल, ते लिहा. मित्राच्या मित्राचं नको. नाव देऊ नका, मोहल्ला आणि वय पुरे.

रामबाग, वय ७४

आमच्या वाड्यात रंगपंचमीच्या आदल्या रात्री घोटा व्हायचा. काका ठेक्यावरून भांग आणायचे, परवान्याच्या दुकानातून, उघड उघड पिशवीत घालून. पाला आधी भिजवायचा, मग पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचा, नाहीतर घसा धरतो. मग पाटा-वरवंटा. बदाम, बडीशेप, खसखस, काळी मिरी, मगज, गुलाबपाकळ्या. वाटण झालं की नाही याची काकांची एकच परीक्षा: वरवंटा उचलला की पाटा त्याला चिकटून वर आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा वाटा. आम्ही पोरं बिनभांगेची पिऊन चढल्याचं नाटक करायचो.

१९७८ साली पुण्याहून नवे जावई आले. त्यांनी माव्यातली गोळी खाल्ली. अर्धा तास काही होईना, तेव्हा "तुमची इंदुरी भांग म्हणजे पालकाची भाजी" म्हणत दुसरी खाल्ली, मग तिसरी. दीड तासानं हे राजवाड्यासमोर फतकल मारून बसले. म्हणे माझे पाय मागे सराफ्यात राहिलेत, कुणीतरी घेऊन या. खूप हसलो आम्ही. पण रात्री त्यांची छाती अशी धडधडायला लागली की बहीण रडकुंडीला आली. घरचे डॉक्टर आले, नाडी धरून बसले आणि म्हणाले, "पोटातून घेतलेली उशिरा चढते, उशिरा उतरते. चिलमीसारखं नाही ते. घाई केलीत, आता भोगा." जावई दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. त्यानंतर साध्या ठंडाईलाही त्यांनी हात लावला नाही.

फौजदारी वकील, वय ४९

काकांच्या त्या झाडावर माझं अर्धं दुकान चालतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. बिया आणि पानं फुलोऱ्यासोबत नसतील तर ती त्या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती सुटली आणि राज्याच्या आबकारीकडे राहिली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानं वगळलेली होती. त्यामुळे आपल्याकडे पानं विकणारा सरकारला फी भरतो आणि शेंड्यावरची फुलं बाळगणारा पंचनाम्यावर सही करतो.

१ किलोपर्यंत गांजा म्हणजे अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाण २० किलोच्या वर, तिथे किमान १० वर्षं. चरसला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. लोक म्हणतात अल्प म्हणजे किरकोळ. माझा एक अशील होता, १९ वर्षांचा, खिशात ४० ग्रॅमची पुडी. सुनावणीला आई यायची ती डबा घेऊन, आणि व्हरांड्यात त्याला घास भरवायची. लाज वाटायची त्याला, पण खायचा. दंड भरून सुटला. पाच वर्षांनी रात्री अकराला त्याचा फोन: "सर, नोकरीच्या फॉर्ममध्ये विचारलंय, कधी गुन्हा दाखल झाला होता का. कुठल्या चौकोनात खूण करू?" मी म्हणालो, खरं लिही. त्यानं खरं लिहिलं. नोकरी मिळाली नाही.

मत नको म्हटलंय, पण वकिलाला गप्प बसायची सवय नसते. ओढणाऱ्याला कोर्टातून बाहेर काढा. ठेके उघडा असं मात्र मी म्हणत नाही.

भंवरकुआं, वय २३

कोचिंगसाठी खोली घेऊन राहायचो. टेन्शन जावं म्हणून रात्री एक जॉइंट, मग दुपारीही एक, दोन वर्षांत उठल्या उठल्या. मग सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. थांबायच्या फक्त कढत पाण्याची अंघोळ केली की. दिवसाला सहा अंघोळी, त्याही मे महिन्यात. रूममेट म्हणायचा, भिया, तुझ्या नावाचा वेगळा टँकर मागवू. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली. आणि मी काय करायचो, तर उलट्या थांबाव्यात म्हणून आणखी ओढायचो, कारण गांजानं मळमळ जाते असं वाचलं होतं.

चौथ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारून विचारलं, "गरम पाण्यात बरं वाटतं का रे?" मी हो म्हणालो. लगेच पुढचा प्रश्न: "किती वर्षं ओढतोयस?" तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आधीच्या तिघांनाही नाही. कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात याला. वर्षानुवर्षं नेमानं ओढणाऱ्यांपैकी काहींना होतं आणि पूर्ण बंद केलं तरच जातं. बंद केल्यावर पहिले दहा दिवस झोप नाही, घामानं उशी ओली, चिडचिड एवढी की रूममेट दुसरीकडे झोपायला गेला. 'गांजाची सवय लागत नाही' म्हणणाऱ्यांनी त्या दहा दिवसांत माझ्या खोलीवर यायला हवं होतं.

टोरांटो (मूळ इंदूर), वय ३१

मीच तो भाचा. मावशीनं आमरसाचं लिहिलं, दिरांनी पानावरून उठून जायची धमकी दिली ते नाही लिहिलं.

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. दुकान औषधाच्या दुकानासारखं स्वच्छ, आमच्या ऑन्टारियोत १९ वर्षांखाली प्रवेश नाही. डबीवर टीएचसी किती ते छापलेलं. टीएचसी म्हणजे चढवणारा घटक. खायच्या पाकिटात तो १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सराफ्यातल्या त्या तीन गोळ्यांत किती होता, हे पुण्याच्या जावयांना कुणी सांगू शकलं असतं का? माझा मुद्दा एवढाच होता.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर दीर सोडणार नाहीत. लिफ्टमध्ये कायम वास. बाबा आले तेव्हा पहिल्या दिवशीच म्हणाले, "हा तर उज्जैनच्या घाटावरचा वास." आणि मोजून मिळतं म्हणून लोक मोजून घेतात असं नाही. ऑफिसातला एक जण रोज संध्याकाळी घेतो. तो वाईट झालेला नाही, पण त्याचं सगळंच पुढच्या आठवड्यावर गेलंय. खायचे प्रकार विक्रीला आल्यापासून ऑन्टारियोत लहान मुलं गोळ्या-चॉकलेट समजून खातात आणि इस्पितळात दाखल होतात, हे प्रमाण वाढल्याचं तिथल्या संशोधकांनी नोंदवलंय. शेजाऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलीला नेलं, त्या रात्री मी गाडी चालवत होतो. ती मागच्या सीटवर हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. सकाळी उठून तिनं दूध मागितलं.

मनोरमागंज, वय ६१

बायकोच्या केमोच्या वेळी वैद्यांच्या चिठ्ठीवर 'विजया' तेल आणलं होतं. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. झोप लागायची. भूक वाढेल म्हणाले होते, ती नाही वाढली. सकाळी उठताना तोल जायचा, एकदा न्हाणीघरात पडली, मग बंद केलं. कॅन्सरच्या डॉक्टरांना आम्ही विचारलं नव्हतं, ते चुकलं. बाकीच्या औषधांशी त्याचं जमतं की नाही हे बघावं लागतं, असं ते नंतर बोलले. फायदा झाला की नाही, मला सांगता येत नाही. झोप लागायची, एवढं खरं.

खंडवा, आता इंदूर, वय ६८

कुणाला ठाऊक आहे का, इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातला परवान्याचा गांजा आमच्या खंडव्याकडे पिकायचा? १८९३-९४ मध्ये सरकारनं गांजा-भांगेवर एक आयोगच नेमला होता. त्याचा निष्कर्ष असा की बेतानं घेणाऱ्याला विशेष अपाय होत नाही, अतिरेकानं होतो, आणि सरसकट बंदी नको. आजोबा म्हणायचे, साहेबाला महसूल हवा होता, दुसरं काय. पण अहवाल वाचला तर साक्षी मन लावून घेतल्यात, आजोबांचं सगळंच खरं धरू नये.

(मध्येच: आयोगावरून वाद वाढतोय, तो वेगळ्या धाग्यावर न्या. इथे अनुभव. — धागाकर्ती)

विजयनगर, वय ३४

भावाबद्दल लिहिते. तो सतराव्या वर्षी ओढायला लागला, एकविसाव्या वर्षी त्याला आवाज यायला लागले. आधी पंखा त्याच्याबद्दल बोलतो म्हणाला. मग टीव्ही बंद असताना खाली लाल दिवा राहतो ना, त्यावर त्यानं काळी चिकटपट्टी लावली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावली, पूजेतल्या लायटिंगच्या माळेच्या एकेका बल्बवर लावली. आईच्या हातचं खाणं बंद केलं. मी आधी एक घास खाल्ला तर खायचा. सहा महिने त्याच्या ताटातला पहिला घास माझा होता.

डॉक्टर म्हणाले, गांजानंच झालं असं मी लिहून देणार नाही. बाबांच्या आत्याला असाच आजार होता, बहुतेक कल असणारच. पण कोवळ्या वयात सुरुवात, रोजचं ओढणं आणि जास्त कडक माल, या तिन्हींनी धोका वाढतो, आणि याच्यात तिन्ही होतं. तीन वर्षं औषधावर छान होता. मग एका लग्नात मित्रांनी "एकानं काय होतं" म्हणून दिलं. चौथ्या दिवशी चिकटपट्टी परत आली.

तुम्हाला वाटेल मी बंदीच्या बाजूची असेन. मला ते सांगता येत नाही. पहिल्या वेळी आम्ही आठ महिने डॉक्टरकडे गेलोच नाही. बाबांना भीती होती, डॉक्टरांनी विचारलं, यानं गांजाचं सांगितलं आणि पोलीस आले तर? कपाटात पुडी सापडली तेव्हा बाबांनी ती रात्री दोन वाजता गच्चीवर जाळली आणि राख कुंडीत पुरली. त्या आठ महिन्यांचं मला वाईट वाटतं. पुडी बाजारात नसतीच तर तो सुरूच झाला नसता, असंही वाटतं. दोन्ही वाटतं.

वकील पुन्हा

ताई, याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर तो खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. आणि डॉक्टरकडे गेलं म्हणून पोलीस येत नाहीत. हे मी सतरा पालकांना सांगितलं असेल, सगळ्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

धागाकर्ती

कुणाला घरात असं काही दिसत असेल तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट. विजयनगरच्या ताई, भावाला माहीत आहे का तुम्ही इथे लिहिलंत ते?

विजयनगर, वय ३४

हो. आधी त्याला दाखवलं, मगच टाकलं. दोनदा वाचलं त्यानं. आता सांगतोय, पंखा नव्हता, फ्रिज होता. तेवढं दुरुस्त कर म्हणाला.