सोवळं संपतं, हे संपत नाही

ताई, सासूबाई तासन्‌तास हात धुतात आणि घरचे ‘त्यांचं सोवळं कडक’ म्हणून सोडून देतात, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे तर हे फार सहज झाकलं जातं, देवळं काय कमी आहेत! पण सोवळ्याला शेवट असतो. पूजा आटोपली, नैवेद्य दाखवला की माणूस मोकळं. ओसीडीत, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनाच्या आजारात, ‘झालं’ असं मनाला पटतच नाही. नकोसं वाटतं, तरी केल्यावाचून जीव थाऱ्यावर येत नाही. दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल तर दाखवून घ्याच.

आणि नुसतं धुणंच नव्हे. वाटेत स्कूटरची कुणाला धडक तर बसली नाही ना, म्हणून मांडवी पूल परत ओलांडून बघून येणं हेही त्यातलंच. देवासमोर घाणेरडे विचार आले म्हणून मनातल्या मनात जप मोजत राहणं तर बाहेर दिसतही नाही. असे लोक वर्षानुवर्षं गप्प राहतात.

‘हात स्वच्छ झाले ना?’ याला दर वेळी ‘हो’ म्हटल्याने शंका वाढतेच. पण एकदम तोडूही नका, थेरपिस्टला विचारून हळूहळू कमी करा. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात, ओपीडी आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे.