मदत हवी आहे: न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस ८८० या बातम्यांच्या रेडिओ केंद्राच्या जुन्या कॅसेटींचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी,

माझे वडील न्यू जर्सीतल्या एडिसनहून मॅनहॅटनला नोकरीसाठी जात असत. पहाटे स्वयंपाकघरात रेडिओ लावून ते रहदारी आणि हवामान ऐकत आणि अधूनमधून बातम्या कॅसेटवर ध्वनिमुद्रितही करत. मात्र वेष्टनावर तारीख कधी लिहीत नसत. वडील आता नाहीत. २६ ऑगस्ट २०२४ रोजी डब्ल्यूसीबीएसचे वृत्तप्रसारण बंद होऊन ८८० किलोहर्ट्झवर ईएसपीएनचे क्रीडा कार्यक्रम सुरू झाल्यापासून या कॅसेटींचे मोल माझ्या दृष्टीने फार वाढले आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये अखंड बातम्या सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी न्यूयॉर्कमधील हाय आयलंड बेटावरच्या त्याच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर लहान विमान आदळले, तरी एफएमवरून ठरल्या दिवशी बातम्या देणारे हे केंद्र. त्याचा आवाज असा विरून जाऊ नये, असे मनापासून वाटते.

कोणती कॅसेट कोणत्या केंद्राची हे बहुतेक ठिकाणी लक्षात येते. निवेदकाच्या आवाजामागे टेलिप्रिंटरची खटखट सतत ऐकू आली की ते १०१० विन्स, म्हणजे न्यूयॉर्कचे दुसरे बातम्यांचे केंद्र. आणि आठ, अठरा, अठ्ठावीस अशा मिनिटांना रहदारी-हवामान आले की ते ८८०. खरी अडचण काळाची आहे. एका कॅसेटमध्ये मॅनहॅटनला जाणाऱ्या लिंकन टनेल या बोगद्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग, पाठोपाठ बर्फाचा इशारा आणि मधेच आईचा आवाज आहे, "अहो, डबा राहिला." राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

सेंट्रल पार्कच्या जुन्या हिमवृष्टीच्या नोंदींशी असा इशारा ताडून पाहता येईल का, आणि त्या नोंदी दिवसवार कुठे मिळतात? निवेदकांच्या आवाजांवरून दशक सांगू शकेल असे कोणी येथे आहे का? काही कॅसेटींमधली फीत दाबून धरणारी नमद्याची गादी निखळली आहे. त्या वाजवण्याआधी फीत दुसऱ्या कवचात घालावी, की हे काम जाणकाराकडेच सोपवावे? रेडिओ-दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा संग्रह जपणारी मॅनहॅटनमधील पेली सेंटरसारखी संस्था अशी घरगुती ध्वनिमुद्रणे स्वीकारते का, याचा कोणाला अनुभव असल्यास तोही कृपया कळवावा. ज्या कॅसेटी सुस्थितीत आहेत, त्यांतील निवडक भाग ऐकण्यासाठी पाठवण्याची माझी तयारी आहे.