शब्दचर्चा: अहवालातला 'घर्षण कोन शून्य'

प्रश्न (सांगली): घराच्या जागेच्या काळ्या मातीचा अहवाल आलाय. त्रिअक्षीय चाचणी, 'संसक्ती ०.४५, घर्षण कोन ०'. मिस्त्री म्हणतात, घर्षणच नाही तर पाया सरकणार. खरं का?

उत्तर: नाही ताई. त्रिअक्षीय चाचणीत मातीच्या नमुन्याला भोवतीनं दाब देऊन वरून भार वाढवत मोडतात. चाचणीच्या नावापुढे 'यूयू' लिहिलंय का बघा. म्हणजे पाण्याचा निचरा होऊ न देता नमुना मोडलाय. माती पाण्यानं पूर्ण भरलेली असेल, तर भोवतालचा दाब वाढवला तरी वाढीव भार पोकळ्यांतलं पाणीच पेलतं, कणांपर्यंत पोचत नाही. मग वेगवेगळ्या दाबाखाली मोडलेले तिन्ही नमुने जवळपास सारख्याच ताकदीला मोडतात आणि दाबासमोर ताकद मांडलेल्या आलेखावरची रेषा आडवी येते. अहवालातला घर्षण कोन म्हणजे त्या रेषेचा उतार, म्हणून तो शून्य. कणांमधलं घर्षण कुठं जात नाही. तीच माती निचरा होऊ देत सावकाश मोडली की कोन दिसतो. एकक मात्र विचारून घ्या. ०.४५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर सुमारे ४४ किलोपास्कल.

प्रश्न: संसक्ती म्हणजे चिकटपणाच ना?

उत्तर: इथंच घोळ होतो. वाफसा यायच्या आधी काळ्या रानात शिरलात तर चिखल पायाला सोडत नाही, पण तेव्हाच ती माती सगळ्यात कमकुवत असते. वाळली की ढेकूळ फुटत नाही. अहवालातली संसक्ती म्हणजे मातीची ताकद मांडणाऱ्या कुलंबच्या समीकरणातली हीच रेषा उभ्या अक्षाला जिथं छेदते तो आकडा. चाचणी बदला, ओल बदला, तो बदलतो.

साताऱ्याहून: आमच्याकडं मुरमाच्या भरावाला 'संसक्ती आहे' म्हणून उभे काठ ठेवतात, त्याची मला फार काळजी वाटते. अर्धवट ओल्या मुरमात पाण्याच्या ताणामुळं कण धरून राहतात; पावसाळ्यात भराव भिजला की ती पकड जाते. शिवाय ६० मिलिमीटरच्या कर्तनपेटीत (नमुना आडवा सरकवून मोडायची चाचणीची पेटी) ४.७५ मिलिमीटरपेक्षा मोठे खडे घालत नाहीत, म्हणजे आकडा चाळलेल्या मुरमाचा असतो.

प्रश्न (सांगली): मग पायासाठी ०.४५ धरू?

उत्तर: बांधकाम होतं त्या वेगानं चिकणमातीतलं पाणी निघत नाही, म्हणून सुरुवातीच्या भारक्षमतेसाठी 'यूयू'चाच आकडा घेतात. पण काळ्या मातीत भिंतींना तडे जातात ते बहुतेकदा फुगण्या-आकसण्यानं, आणि त्याबद्दल हा अहवाल काहीच सांगत नाही. फुगवण दाबाची चाचणी वेगळी मागा.